कॅलिब्रेशन लॅबमधली उपकरणं कधी बदलायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरी-चाकण असो, वाळूज असो की गोव्यातलं वेर्णा, एनएबीएल-मान्य (एनएबीएल म्हणजे चाचणी व कॅलिब्रेशन लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ; कॅलिब्रेशन म्हणजे उपकरणाचं माप जास्त अचूक स्टँडर्डशी ताडून पाहणं) लॅबच्या टेक्निकल मॅनेजरसमोर हा विषय दरवर्षी बजेटच्या वेळी येतोच. मालक विचारतात, 'चालतंय ना? मग कशाला बदलायचं?' विक्रेता म्हणतो, 'हे मॉडेल जुनं झालं, आता नवं घ्या.' दोघांनाही उत्तर आकड्यांनीच द्यावं लागतं. ते आकडे कुठून काढायचे, याची ही माहिती.

उपकरण बारा वर्षं जुनं झालंय. एवढ्यावरून ते बदलावं का?

नाही. नीट सांभाळलेला झेनर व्होल्टेज रेफरन्स (ठरावीक व्होल्टेज देणारं संदर्भ उपकरण) किंवा स्टँडर्ड रेझिस्टर वय वाढेल तसा बहुधा जास्त स्थिर होतो. सुरुवातीच्या वर्षांत त्याचा ड्रिफ्ट (मापाचं हळूहळू सरकणं) जास्त असतो, पुढे तो मंदावतो. अशा उपकरणाची दहा वर्षांची सर्टिफिकेटं ही लॅबची खरी मालमत्ता आहे. नव्या उपकरणाला इतिहास नसतो, म्हणून पहिली दोन-तीन वर्षं उत्पादकाच्या स्पेसिफिकेशनवरच विसंबावं लागतं.

वयाचा संबंध येतो तो दुरुस्तीशी: सुटे भाग मिळणं बंद होतं, रिले झिजतात, पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळू लागतात. पण तो प्रश्न 'हे बिघडलं तर काय?' असा आहे. 'याचं माप चुकतंय का?' हा प्रश्न वेगळा. दोन्हींची उत्तरं वेगवेगळी शोधा.

मग निर्णय कशावरून घ्यायचा?

अनसर्टन्टी बजेटवरून, म्हणजे मापातल्या अनिश्चिततेचे सगळे घटक ओळीने मांडलेल्या तक्त्यावरून. ज्या कामासाठी उपकरण बदलायचं म्हणता, त्या कामाचं बजेट उघडा आणि सगळ्यात मोठी ओळ कोणती ते पाहा. घटक वर्ग करून मिळवले जातात आणि मग वर्गमूळ घेतलं जातं, त्यामुळे लहान ओळ अर्धी केली तरी बेरजेत फारसा फरक पडत नाही. समजा तीन घटक ६, ४ आणि ३ पीपीएम (दहा लाखांत एक भाग) आहेत. एकत्रित आकडा ७.८. यातला ४ चा २ केला तर ७.० मिळतो, ६ चा ३ केला तर ५.८. दुसऱ्या घटकासाठी लाखो रुपये घालून हाती दहा टक्के सुधारणा येते.

डायमेन्शन लॅबमध्ये हे फार स्पष्ट दिसतं. १०० मिमीचा स्लिप गेज (अचूक लांबीचा धातूचा ठोकळा) मास्टर म्हणजे संदर्भ गेजशी ताडून पाहताना दोघांच्या तापमानात फक्त ०.१ अंशाचा फरक राहिला, तर स्टीलच्या ११.५ × १०⁻⁶ या प्रसरण गुणांकाने लांबीत ०.११५ मायक्रॉनचा फरक पडतो. कितीही महाग कम्परेटर (दोन गेजमधला फरक मोजणारं यंत्र) आणला तरी हा फरक तसाच राहणार. इथे पैसे घालायचे ते एसीवर, जाड सोकिंग प्लेटवर (गेज एका तापमानाला यावेत म्हणून ठेवायची धातूची प्लेट) आणि तापमान दोन ठिकाणी मोजणाऱ्या चांगल्या सेन्सरवर. बऱ्याच लॅबमध्ये रात्री एसी बंद करून सकाळी नऊला चालू करतात आणि दहाला काम सुरू होतं. खोलीतली हवा २० अंशांवर आलेली असते, पण ग्रॅनाइट आणि मोठे ब्लॉक आलेले नसतात. ही सवय मोडायला नवं उपकरण लागत नाही.

आमचं टीयूआर ४:१ मिळत नाही. नवा कॅलिब्रेटर घ्यावाच लागेल ना?

आधी टीयूआर (तपासायच्या उपकरणाची मर्यादा भागिले आपली अनसर्टन्टी) नीट काढलंय का ते तपासा. साडेसहा डिजिटचा बेंच मल्टिमीटर घेऊ. १० व्होल्टला त्याची एक वर्षाची मर्यादा रीडिंगच्या ३५ पीपीएम अधिक रेंजच्या ५ पीपीएम, म्हणजे ±४०० मायक्रोव्होल्ट. तुमच्याकडे फ्लूक ५५२०ए किंवा ५५२२ए वर्गातला कॅलिब्रेटर (ज्ञात व्होल्टेज, करंट वगैरे देणारं उपकरण) आहे. त्याचं एक वर्षाचं स्पेसिफिकेशन १२ पीपीएम अधिक २० मायक्रोव्होल्ट, म्हणजे १० व्होल्टला १४० मायक्रोव्होल्ट. ४०० भागिले १४० म्हणजे २.९, आणि इथेच लोक 'जमत नाही' म्हणून थांबतात.

पण हे १४० मायक्रोव्होल्ट ९९ टक्के विश्वासपातळीवरचे आहेत. २.५८ ने भागून २ ने गुणले की १०९ होतात आणि टीयूआर ३.७ वर येतं. सर्टिफिकेटवर आपण के = २ (साधारण ९५ टक्के विश्वासपातळी) लिहितो, मग तुलनाही त्याच पातळीवर व्हायला हवी.

आणखी पुढे जाता येतं. समजा त्या बिंदूला तुमच्या सर्टिफिकेटवर अनसर्टन्टी २५ मायक्रोव्होल्ट (के = २) आहे, मागच्या चार वर्षांत दोन कॅलिब्रेशनमधला बदल ३० मायक्रोव्होल्टच्या आत राहिलाय आणि अल्पकालीन स्थिरता व तापमान मिळून १० मायक्रोव्होल्ट धरले. २५ चे निम्मे १२.५, ३० भागिले √३ (मर्यादेवरून प्रमाणित आकडा काढण्याची रीत) म्हणजे १७.३, आणि १०. एकत्रित २३.६, विस्तारित म्हणजे त्याच्या दुप्पट ४७. टीयूआर साडेआठ! तोच कॅलिब्रेटर, तोच बिंदू.

याला दोन अटी आहेत. सर्टिफिकेटमधलं करेक्शन खरोखर लावायचं आणि इतिहास अखंड हवा. मधेच कुणी ॲडजस्टमेंट केली असेल तर ती साखळी तिथे तुटते. म्हणून कॅलिब्रेशनला पाठवताना लेखी कळवा: मर्यादेत असेल तर ॲडजस्ट करू नका, आणि केलं तर आधीची व नंतरची अशी दोन्ही मापं द्या.

एवढं करूनही भागत नसेल तर गार्ड बँड (पास होण्याची मर्यादा मुद्दाम आत ओढणं) आहे. आयएलएसी जी८ (मान्यता संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची मार्गदर्शिका) मधल्या पद्धतीने मर्यादेतून अनसर्टन्टी वजा केली, तर वरच्या उदाहरणात ±४०० ऐवजी ±२९१ मायक्रोव्होल्टच्या आत असलेलाच मल्टिमीटर पास होईल. आयएसओ/आयईसी १७०२५ (लॅबच्या सक्षमतेचं आंतरराष्ट्रीय मानक) च्या कलम ७.१.३ नुसार हा निर्णय-नियम ग्राहकाशी आधी ठरलेला असला पाहिजे. गार्ड बँडमुळे पूर्वी पास होणारे नग मोठ्या संख्येने 'अनिर्णित'मध्ये जायला लागले आणि ग्राहक परत येईनासे झाले, तर मात्र अपग्रेडचं कारण खरं आहे. तेव्हाही साडेआठ डिजिटचा मल्टिमीटर घेऊन जुन्या कॅलिब्रेटरचं आउटपुट त्यावर मोजणं हा नव्या मल्टिफंक्शन कॅलिब्रेटरपेक्षा स्वस्त मार्ग असतो. कॅलिब्रेटरची अल्पकालीन स्थिरता उत्तम असते, कमी पडते ती वर्षभराची.

जुन्या सर्टिफिकेटांवरून ड्रिफ्ट कसा पाहायचा?

मागची किमान चार, शक्यतो सहा सर्टिफिकेटं काढा. सगळे बिंदू नकोत. ज्या तीन-चार बिंदूंवर तुमचं रोजचं काम होतं ते निवडा. प्रत्येक बिंदूचा तारखेनुसार आलेख काढा, प्रत्येक ठिपक्याला अनसर्टन्टीची उभी रेघ द्या. ठिपका ॲडजस्टमेंटच्या आधीच्या मापाचा हवा. नंतरच्या मापाचा आलेख काढला तर उपकरण कायम आदर्शच दिसतं.

आता आकार पाहा. एका दिशेने सावकाश सरकणारी रेघ असेल तर घाबरायचं कारण नाही. ती पुढच्या ड्यू डेटपर्यंत वाढवून पाहा. मर्यादेच्या ७० टक्क्यांच्या आत राहत असेल तर तसंच चालू द्या, पुढे जात असेल तर इंटरव्हल बारावरून सहा-नऊ महिन्यांवर आणा. ठिपके वर-खाली उड्या मारत असतील तर इंटरव्हल कमी करून उपयोग नाही, कारण ती उडी उद्याही बसू शकते. अशा वेळी कारण शोधा: झिजलेला रिले, सैल टर्मिनल, वाहतुकीतला धक्का. पाठवण्याआधी आणि परत आल्यावर त्याच चेक स्टँडर्डवर (लॅबमध्येच ठेवलेला, फक्त तपासणीसाठीचा स्थिर नग) माप घेतलं असेल तर वाहतुकीचा दोष वेगळा काढता येतो. ही दोन मापं घेणाऱ्या लॅब आजही कमीच आहेत, आणि ती नसल्यामुळे चांगली उपकरणं विनाकारण मोडीत निघतात.

रिले तपासायची सोपी पद्धत: १० व्होल्ट लावून माप घ्या, १०० व्होल्टच्या रेंजला जा, परत या, पुन्हा माप घ्या. असं दहा वेळा करा. दहा मापांचा पसारा एकाच रेंजवर थांबून घेतलेल्या दहा मापांपेक्षा बराच मोठा आला तर स्विचिंगमध्ये दोष आहे.

उपकरण कॅलिब्रेशनला गेलं आणि मर्यादेबाहेर निघालं. लगेच बदलावं का?

आधी मागे वळून पाहावं लागतं. शेवटच्या चांगल्या कॅलिब्रेशनपासून आजपर्यंत त्या रेंजवर काय काय केलं ती यादी काढा, बदलाचा ग्राहकांच्या निकालावर परिणाम होतो का ते पाहा, होत असेल तर त्यांना कळवा. कलम ७.१० याच्यासाठीच आहे. हे काम किती दिवस चाललं आणि किती सर्टिफिकेटं परत मागवावी लागली, याची नोंद ठेवा. अपग्रेडची किंमत मांडताना तो आकडा लागतो.

मर्यादेबाहेर जाण्याची पहिलीच वेळ असेल, कारण सापडलं आणि दुरुस्त झालं, तर इंटरव्हल निम्मं करून वापरा. त्याच रेंजवर दुसऱ्यांदा झालं तर ती रेंज स्कोपमधून (लॅबच्या मान्यताप्राप्त कामांच्या यादीतून) काढा किंवा उपकरण बदला. तिसऱ्या वेळेची वाट पाहू नका.

दुरुस्ती करावी की नवं घ्यावं?

उत्पादकाकडून तीन गोष्टी लेखी मागवा: दुरुस्ती कोणत्या तारखेपर्यंत करणार, ॲडजस्टमेंटसह कॅलिब्रेशन कधीपर्यंत देणार, आणि मॉड्यूल बदलून मिळतं का. फोनवरच्या आश्वासनावर तीन वर्षांचं नियोजन करता येत नाही.

काही दोष दिसायला मोठे पण किरकोळ असतात. डिस्प्ले अंधुक होणं, नॉब सरकणं, पंखा आवाज करणं. पंख्याची जाळी धुळीने बंद झाली की आतलं तापमान वाढतं आणि माप सरकतं. एमआयडीसीत ती दर महिन्याला साफ करावी लागते. काही दोष उलटे, दिसत नाहीत पण सगळं घालवतात. ३४५८ए या साडेआठ डिजिट मल्टिमीटरच्या जुन्या नगांमध्ये कॅलिब्रेशन कॉन्स्टंट बॅटरी-युक्त मेमरी चिपमध्ये असतात. ती बॅटरी संपली की कॉन्स्टंट गेले, आणि त्यांच्याबरोबर सगळा इतिहास. ती चिप ठरावीक वर्षांनी आधीच, आतला मजकूर उतरवून घेऊन, बदलायची असते. फ्लूक ७३२बी सारख्या डीसी रेफरन्समध्ये लेड-ॲसिड बॅटरी असते. ती कमकुवत झाली आणि प्रवासात वीज तुटली की आतल्या ओव्हनचं तापमान जातं, आणि मूल्य पूर्वीच्याच जागी येईल याची खात्री राहत नाही. दोन्ही दुरुस्त्या नव्या उपकरणाच्या किमतीपुढे नगण्य आहेत.

स्लिप गेज, डेड वेट टेस्टर, एसपीआरटी यांचं काय?

स्लिप गेजचा संपूर्ण सेट क्वचितच बदलावा लागतो. आयएसओ ३६५० नुसार के आणि ० ग्रेडच्या गेजची लांबी वर्षाला ±(०.०२ मायक्रॉन + ०.२५ × १०⁻⁶ × लांबी) यापेक्षा जास्त बदलू नये. १०० मिमीला हे ०.०४५ मायक्रॉन होतं. दोन सर्टिफिकेटांमधला फरक, दोन्हींची अनसर्टन्टी धरूनही, याबाहेर जात असेल तर तो एक गेज बदला. सुटे गेज मिळतात. ऑप्टिकल फ्लॅटखाली ओरखडा दिसला किंवा गेज दुसऱ्या गेजला घट्ट चिकटेनासा (रिंगिंग) झाला, तरी तेवढाच बदला.

स्टीलऐवजी टंगस्टन कार्बाइडचा मास्टर सेट घेताना एक गोष्ट विसरली जाते. कार्बाइडचा प्रसरण गुणांक सुमारे ४.५ × १०⁻⁶, स्टीलच्या निम्म्याहून कमी. खोली २२ अंशांवर असेल तर १०० मिमीला स्टीलच्या गेजशी तुलना करताना १.४ मायक्रॉनचा फरक येतो. स्टील-स्टील तुलनेत हा फरक आपोआप रद्द होत होता. झीज कमी व्हावी म्हणून कार्बाइड घेतलं आणि तापमानाचं करेक्शन वर्कशीटमध्ये घातलंच नाही, तर अपग्रेडनंतर लॅबचं काम बिघडतं.

डेड वेट टेस्टर (पिस्टनवर वजनं ठेवून अचूक दाब देणारं उपकरण) 'चुकीचा' म्हणून बाजूला ठेवण्याआधी वजनं कोणत्या g (गुरुत्वत्वरण) साठी घडवलीत ते सर्टिफिकेटवर वाचा. महाराष्ट्रात g ९.७८ च्या घरात आहे, प्रमाण मूल्य ९.८०६६५. फरक सुमारे ०.२ टक्के. १०० बारला ०.२ बार. ०.०२ टक्क्यांच्या टेस्टरला ही चूक दहापट मोठी आहे, आणि तिचा उपाय फक्त गणितातलं करेक्शन. टेस्टर खरोखर थकलाय का हे पिस्टनच्या खाली येण्याच्या वेगावरून आणि फिरण्याच्या वेळेवरून कळतं. दोन्ही दर सहा महिन्यांनी मोजून ठेवा.

एसपीआरटीला (प्लॅटिनमच्या तारेचा स्टँडर्ड थर्मामीटर) आयटीएस-९० या आंतरराष्ट्रीय तापमान-श्रेणीचीच कसोटी आहे: गॅलियमच्या वितळणबिंदूला, म्हणजे २९.७६४६ अंशांना, डब्ल्यू (त्या तापमानाचा रोध भागिले पाण्याच्या त्रिबिंदूवरचा रोध) १.११८०७ पेक्षा कमी नको. पाण्याच्या त्रिबिंदूवरचा रोध वाढला असेल तर आधी ॲनील करा (तापवून हळूहळू थंड करा). २५.५ ओहमच्या एसपीआरटीत ०.१ मिलिओहम म्हणजे साधारण १ मिलिकेल्विन. ॲनील करूनही रोध खाली येत नाही आणि डब्ल्यू घसरलाय, तर तो वर्किंग थर्मामीटर म्हणून वापरा, स्टँडर्ड म्हणून नाही.

पावसाळ्यातच मापं बिघडतात. उपकरण कमजोर झालंय का?

बहुतेक वेळा खोली कमजोर असते. १०० मेगाओहमच्या वरच्या रोधाला दमट हवेत टर्मिनलवरून, केबलवरून गळती होते. कोकणपट्टी, मुंबई, गोवा इथे हा त्रास पुण्यापेक्षा जास्त. फक्त जून ते सप्टेंबरची मापं वेगळ्या रंगाने आलेखावर मारा. तीच बाजूला पडली तर उत्तर डीह्युमिडिफायर, टेफ्लॉन केबल आणि टर्मिनलची सफाई.

संगणक जुना, जीपीआयबी कार्ड (संगणकाला उपकरणं जोडणारं) जुनं. सगळंच बदलावं लागेल का?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि अनेक लॅबचं ऑटोमेशन त्याहूनही जुन्या आवृत्तीवर आहे. नेटवर्कपासून तोडलेला संगणक काही काळ चालवता येतो. मात्र त्याच्या हार्ड डिस्कची नक्कल आजच करून ठेवा.

उपकरण बदललं आणि त्याने जुन्या मॉडेलच्या कमांड 'समजून' घेतल्या, तरी निश्चिंत होऊ नका. सेटल व्हायला लागणारा वेळ वेगळा असतो. जुन्या प्रोग्रॅमने माप स्थिर होण्याआधीच उचललं तर चूक छोटी आणि नियमित येते, म्हणून पकडली जात नाही. एकच नग जुन्या उपकरणावर, नव्यावर, आणि नव्यावर हाताने असा तीनदा करा. कलम ७.११ मध्ये अपेक्षित असलेलं सॉफ्टवेअरचं व्हॅलिडेशन म्हणून ही नोंद चालते.

मालकांना खर्च कसा पटवायचा?

दर नगाचा हिशेब मांडा. उदाहरणादाखल: उपकरण ३० लाखांचं, १० वर्षं चालणार, म्हणजे वर्षाला ३ लाख. कॅलिब्रेशन, विमा, वाहतूक १ लाख. वर्षाला २०० नग त्यावर होत असतील तर एका नगामागे २,००० रुपये फक्त उपकरणाचे. तुम्ही त्या नगाला १,५०० घेत असाल तर हिशेब तिथेच संपतो, मग काम वाढवा किंवा बाहेरच्या मान्य लॅबला द्या. विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये लीड्स, करंट कॉइल, ऑसिलोस्कोप ऑप्शन, रॅक आणि पहिलं मान्यताप्राप्त कॅलिब्रेशन धरलेलं नसतं. ते वेगळं विचारा. उपकरण बाहेर असताना किती दिवस काम थांबतं, तोही खर्चच. दोन जुनी उपकरणं ठेवणं एका नव्यापेक्षा फायद्याचं ठरतं ते इथेच.

सेकंडहँड घ्यावं का?

घ्यावं, जर मागची तीन तरी सर्टिफिकेटं मिळत असतील आणि पैसे देण्याआधी आठ दिवस स्वतःच्या लॅबमध्ये चालवून पाहता येत असेल तर. 'रिफर्बिश्ड' एवढाच शिक्का पुरेसा नाही.

नवं उपकरण घेतलं की आमचं सीएमसी आपोआप सुधारेल का?

नाही. स्कोपमध्ये जो सीएमसी (लॅबला देता येणारी सर्वांत लहान अनसर्टन्टी) छापलाय त्यापेक्षा लहान अनसर्टन्टी सर्टिफिकेटवर देता येत नाही, उपकरण कितीही चांगलं असो. नवं बजेट, ट्रेसेबल सर्टिफिकेट, पुनरावृत्तीची मापं, शक्य असेल तर प्रोफिशियन्सी टेस्टचा (अनेक लॅबच्या मापांची तुलना) निकाल, हे सगळं घेऊन एनएबीएलकडे स्कोप बदलाचा अर्ज आणि मूल्यांकन. म्हणून खरेदीची तारीख पुढच्या असेसमेंटच्या तारखेकडे बघून ठरवा. उपकरण वेळेत हाती आलं नाही तर ते सुधारित सीएमसीशिवाय महिनोन् महिने चालवावं लागतं.

ऑर्डर देतानाच कारखान्याचं सर्टिफिकेट मान्यताप्राप्त हवं, मापांसह आणि अनसर्टन्टीसह हवं, असं लिहा. साधं 'ट्रेसेबल' सर्टिफिकेट बॉक्समध्ये येतं आणि मग तेच उपकरण पुन्हा सीएसआयआर-एनपीएलकडे (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) किंवा दुसऱ्या मान्य लॅबकडे पाठवावं लागतं.

नवं आल्यावर थेट कामाला लावायचं का?

कलम ६.४.४ नुसार वापराआधी पडताळणी हवी. उत्पादकाने सांगितलेला वॉर्म-अप पूर्ण द्या. मग जुन्या स्टँडर्डशी त्याच बिंदूंवर तुलना करून ईएन (दोन मापं जुळतात का ते सांगणारा आकडा) काढा: दोन मापांतला फरक भागिले दोन्ही अनसर्टन्टींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ. उत्तर १ च्या आत हवं. एखाद्या बिंदूवर बाहेर गेलं तर नवंच बरोबर असं गृहीत धरू नका. वाहतुकीत नवंही बिघडतं, आणि वॉरंटीचा काळ चालू झालेला असतो.

पुढे किमान तीन महिने दोन्ही समांतर चालवा. चेक स्टँडर्डवर आठवड्याला एक माप पुरतं. यातून नव्याचा कंट्रोल चार्ट सुरू होतो.

आणि जुन्याचं काय करायचं?

स्थिर असेल तर ते उत्तम चेक स्टँडर्ड होतं. ज्या रेंज विश्वासार्ह राहिल्या नाहीत त्यांवर 'वापरू नये' असं लेबल लावा, मास्टर लिस्टमध्ये दर्जा बदला, कॅलिब्रेशन प्रोग्रॅममधून काढलं असेल तर तारखेसह नोंद करा. विकायचं असेल तर आधी मेमरीतला ग्राहकांचा डेटा पुसा आणि सर्व सर्टिफिकेटांच्या प्रती स्वतःकडे ठेवा. त्या उपकरणावर दिलेल्या जुन्या सर्टिफिकेटांबद्दल कुणी विचारलं तर उत्तर तुम्हालाच द्यायचं असतं.